चिलाम्बेची राई

झोंबा, मलावी
२५ ऑगस्ट १९९६

ती. सौ. मामीस,
शलाकाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि कोकमांचं पाकीट, दोन्ही मिळालं. पाकीट कस्टमवाल्यांनी फोडलं होतं. त्यांनी एखादं कोकम चाखून पाहिलं असावं, कारण बाकीची जशीच्या तशी पुढे पाठवली आहेत.

शेजारच्या लेल्यांकडे मी इथे विहिरी खणते असं तुम्ही सांगितल्याचं कळलं. मी खणत नाही. कुठे खणायचं ते सांगते. जमिनीत ओळीने सळया ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खालचा खडक तिला किती अडवतो ते मोजायचं. जिथे कमी अडवतो तिथे बहुधा पाणी असतं. खणणारं यंत्र मागाहून येतं. लेल्यांना हे सांगितलं नाहीत तरी चालेल.

सोमवारी निघते, शुक्रवारी परतते. गाडी नाझोम्बे चालवतात. वयाने मामांएवढे असतील. वाटेत दर पोलीस चौकीवर ते शिपायाला सांगतात की आमच्या बाई पाणी हुंगून काढतात, नाक बघा ना. शिपाई नाक बघतो आणि दांडा वर करतो. पहिलं वर्षभर मला याचा राग यायचा. आता कागदपत्रं काढावी लागत नाहीत म्हणून मी सरळ समोर बघत बसते. जेवण सगळीकडे एकच: मक्याच्या पिठाची घट्ट उकड, नसीमा, आणि तिच्याबरोबर पाला नाही तर सुकी मासळी. मासळी आपल्या मोतकांसारखी लागते, त्यामुळे माझं अडत नाही.

सध्याचं गाव चिलाम्बे. गावप्रमुख एक बाई आहेत आणि रिवाजाप्रमाणे त्यांचंही नाव चिलाम्बे. पाणी म्हणजे कोरड्या ओढ्यातला एक खड्डा. बायका त्यात उतरून वाटीने पाणी भरतात आणि ते निवळायची वाट बघत बसतात. मागच्या वर्षी त्या पाण्याने गावात हगवण लागली. यंत्र ऑक्टोबरच्या मध्यावर येईल. तोवर जागा ठरायला हवी, कारण नोव्हेंबरात पाऊस धरला की रस्ता बंद होतो आणि मग पुढच्या मेपर्यंत काही नाही.

जागा जवळपास सापडली आहे. विमानातून काढलेल्या फोटोत सगळा मुलूख बोडका दिसतो, आणि गावाच्या पूर्वेला एकच दाट, गर्द हिरवी राई. ऐन कोरड्या दिवसांत झाडं हिरवी म्हणजे मुळं पाण्याला लागलेली. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर आत फुटकी मडकी आणि थाळ्याही पडलेल्या आहेत, म्हणजे पूर्वी तिथे वस्ती असणार. दोन्ही खुणा एकाच दिशेने जातात. पुढच्या आठवड्यात सळया ठोकेन.

मामांना नमस्कार सांगावा. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही तरी सांगितल्याचं मला कळवावं.

तुमचा लोभ माझ्या पत्रांवर अवलंबून नाही हे मला माहीत आहे. तरी लिहीत राहीन.
शलाका


राजापूर
९ सप्टेंबर १९९६

चि. शलाका हीस,
मामीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं पत्र म्हणजे शाळेतला प्रयोग लिहिल्यासारखं असतं: साहित्य, कृती, निष्कर्ष. मी तीनदा वाचते आणि तू जेवतेस का, झोपतेस का, तुला ताप येऊन गेला का, हे ओळींच्या मधून काढते. तुझ्या त्या सळयांसारखंच. या वेळी मला वाटतं तू बरी आहेस. चूक असेल तर कळव.

नमस्कार सांगितला. ह्यांनी पेपर उलटा केला आणि पावसाचं काय म्हणतायत ते मला वाचून दाखवलं. पण तुला सांगते, तुझी पत्रं मी फडताळात डाव्या हाताला ठेवते आणि ती उजव्या हाताला सापडतात. परवा ह्यांनी भावजींना विचारलं, मलावीला समुद्र आहे का. भावजी म्हणाले, नाही, मोठं तळं आहे. हे म्हणाले, तेच म्हणतो मी, मासळी येते कुठून.

तीन वर्षं झाली गं. कऱ्हाडचा तो मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे, मागे लक्ष्मीपूजनाला भेटला तर वाकून नमस्कार करून गेला. त्याच्या मनात काही नाही. ह्यांच्याच मनात आहे. तुला न विचारता शब्द देऊन बसले, तू नाही म्हणालीस, आणि ह्यांना बैठकीतून उठून यावं लागलं. त्या दिवशी ओसरीवर म्हणाले होते ना, यापुढे हिच्या पाठीशी उभा राहणार नाही, लग्नात नाही आणि कशातच नाही. एस.टी.त माणूस इतकी वर्षं नियंत्रक राहिला की एकदा केलेली घोषणा परत कशी घ्यायची ते त्याला समजत नाही. तुझ्या आईचंही असंच होतं. आणि तुझंही. मी ह्या घरात एकटीच नॉर्मल.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये आता फॅक्स आलाय. बूथवाला सगळ्यांना नंबर वाटत सुटलाय, तो मागे लिहिला आहे. काही तातडीचं असलं तर.

इथे सगळं ठीक. माझ्या गुडघ्यासकट. लोभ करतेस हे पत्रात कुठे लिहीत नाहीस, ते मी गृहीत धरलं आहे.
तुझी मामी


फॅक्सने
झोंबा, २४ सप्टेंबर १९९६

ती. मामांस,
शलाकाचा शि. सा. न. वि. वि.

तीन वर्षांनी आपल्याला लिहिते आहे, तेही फॅक्सने आणि कामासाठी. दोन्हींबद्दल आपण जे म्हणाल ते मला मान्य आहे.

मामींना लिहिलेल्या पत्रातून आपल्याला चिलाम्बे गाव माहीत असेल असं धरून लिहिते. ती राई गावाचं दफनाचं ठिकाण आहे. तिथलं झाड कुणी तोडत नाही, म्हणून ती हिरवी आहे. पाण्याशी तिचा संबंध नाही. मडकी आणि थाळ्या वस्तीच्या नव्हेत, थडग्यांवरच्या आहेत. मी राईत सरळ रेषेत झुडपं तोडली आणि सळया ठोकल्या.

गावातून मजुरीला घेतलेल्या दोघांनी त्या सकाळी पोट दुखतं असं सांगितलं आणि ते घरी गेले. मला वाटलं, कामचुकार आहेत. म्हणून कोयता मीच चालवला. इथे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, पोट दुखतं म्हणतात, हे आता कळलं. नाझोम्बे गाडीत होते. त्यांना मागाहून विचारलं तर म्हणाले, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, तुमच्याकडे तर आभाळातून काढलेला फोटो होता.

राईची मालकी थडगी खणणाऱ्यांकडे असते. त्यांच्या भाषेत त्यांना नातवंडं म्हणतात, वय काही का असेना. त्यांच्यापुढे गावप्रमुखाचंही चालत नाही. त्यांनी बैठक बोलावली. मी उभी राहिले, चूक मान्य केली आणि जे नुकसान असेल ते भरून देते असं सांगू लागले. दोन वाक्यं झाली नसतील, सगळे हसले. चिलाम्बेबाईंनी मान फिरवली. नाझोम्ब्यांनी माझी ओढणी ओढून मला खाली बसवलं.

रिवाज असा आहे. ज्याच्यावर आळ आहे त्याने बोलायचं नसतं. त्याच्या बाजूने त्याचं माणूस बोलतं. त्या माणसाला इथे न्खोस्वे म्हणतात. लग्नात तोच उभा राहतो, भांडणात तोच, दंड भरायचा तर तोच; दंड बहुधा कोंबडीचा असतो. आणि तो आईचा भाऊ असावा लागतो. मी म्हणाले, माझे वडील हयात नाहीत. त्यावर ते म्हणाले, असते तरी चालले नसते. आमच्या ऑफिसच्या संचालकांनी येण्याची तयारी दाखवली, पण ते हिचे कोण, असं विचारून त्यांनाही नाकारलं. नाझोम्बे दुसऱ्या भागातले, शिवाय त्या दिवशी गाडीत बसून होते म्हणून आरोपी. मग मी म्हणाले की माझं इथे कुणी नाही. मला वाटलं यावर ते मऊ पडतील. झालं उलटंच. चिलाम्बेबाई म्हणाल्या, ज्याचं कुणी नाही त्याला दंड करता येत नाही, आणि ज्याला दंड करता येत नाही त्याला माफही करता येत नाही. आणि ज्याला माफी नाही त्याच्या हातून आमच्या जमिनीत भोक पडणार नाही.

यंत्र तीन आठवड्यांत येतं आहे. तोवर मिटलं नाही तर ते पुढच्या गावी जाईल आणि चिलाम्बेच्या बायका आणखी एक पावसाळा त्याच खड्ड्यातलं पाणी पितील. नुकसान माझं नाही, त्यांचं आहे.

म्हणून विनंती. आपण न्खोस्वे म्हणून त्यांना पत्र लिहावं. अंतर फार असल्याने पत्र चालेल असं त्यांनी मान्य केलं आहे, मात्र ते आईच्या भावाचंच हवं आणि त्याच्या हातचं हवं.

ओसरीवर आपण जे म्हणाला होतात ते मला आठवतं. त्यामुळे नकार आला तर कारण विचारणार नाही. तो दोन ओळींत कळवावा, म्हणजे गावाला वेळेवर सांगता येईल.

मामींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं खरं काय ते आपण लिहिलंत तर बरं होईल, त्या लिहीत नाहीत.
आपली भाची,
शलाका


फॅक्सने
राजापूर, २६ सप्टेंबर १९९६

चि. शलाकास आशीर्वाद.

खालचा मजकूर चिलाम्बेबाईंसाठी आहे. वाचताना एक शब्द गाळू नकोस. तुझ्याविरुद्ध लिहिलेला तर मुळीच नको. गुडघ्याचं खरं म्हणजे तिला जिना चढवत नाही. आता ती बूथमध्ये माझ्या शेजारी उभी राहून मी काय लिहितो ते वाचते आहे आणि हे खोटं आहे म्हणते आहे.

ओसरीचा विषय तूच काढलास म्हणून सांगतो. पाठीशी उभा राहणार नाही म्हणालो होतो. इथे पुढे उभं राहायचं आहे. मी नियम तपासला, अडचण नाही.

गावप्रमुख चिलाम्बेबाई आणि राईची नातवंडं यांस,
राजापूरहून मुकुंद शेट्ये याचा सा. न. वि. वि.

मी शलाकाच्या आईचा थोरला भाऊ. बहीण गेली तेव्हा ही कॉलेजात होती, तेव्हापासून ती माझी. मी एस.टी.त नोकरी केली. आमच्या ड्रायव्हरने कुणाचं कुंपण मोडलं की गावात मी जायचो. आधी सांगायचो, गाडी आमची आहे. मग विचारायचो, किती मोडलं. त्याच क्रमाने आज बोलतो. मुलगी आमची आहे.

तिला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आमच्या कोकणात देवराया आहेत. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. मी तिला लहानपणी बोट धरून नेलं आहे. मडकं कधी आणि कुणासाठी फोडतात हेही आमच्यात पोराटोरांना ठाऊक असतं. बोडक्या माळावर एवढीशीच राई हिरवी आणि आत फुटकी मडकी, हे पाहून आमच्या माणसाने चप्पल काढून मागे फिरायला हवं होतं. हिने कोयता काढला. शिकली, त्यात जे आधी शिकली होती ते खाली गेलं. चूक पुरी आहे. दंड सांगाल तो मान्य. कोंबडी मागाल असं कळतं. नाझोम्ब्यांनी ती माझ्या नावाने घ्यावी आणि बघून घ्यावी. मरतुकडी कोंबडी देऊन शेट्यांचं नाव घालवू नये.

आता माझं गाऱ्हाणं.

माझी भाची दोन वर्षं तुमच्या मुलखात राहते, तुमचं अन्न खाते. त्या सकाळी दोन बाप्ये तिच्यासमोर उभे होते. दोघांना ठाऊक होतं ती कुठे निघाली आहे. दोघांना तोंड होतं. त्यांनी पोट पुढे केलं. ही मुलगी विचारत नाही. तिची आई गेली तेव्हाही तिने काही विचारलं नाही. नुसती बघून बघून अंदाज बांधते, आणि अंदाज चुकला तरी तो कुणाला सांगत नाही. अशा माणसाला आपण होऊन सांगावं लागतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी सांगितलं नाही. म्हणून त्या दोघांना फार बोलण्याचा मला अधिकार नाही. पण तिचा मामा म्हणून विचारणं माझं काम आहे. तुमच्या पोरीला कुणी असं जाऊ दिलं असतं तर तुम्ही काय मागितलं असतं?

पाण्याचा आणि दंडाचा हिशेब एकत्र करू नये. दंड माझ्याकडून घ्या. पाणी तुमच्या बायकांना मिळू द्या.

आपण सर्व वडीलधारे आहात. तिच्यावर नजर असू द्यावी. मला इथून दिसत नाही.
मुकुंद शेट्ये


झोंबा
२० ऑक्टोबर १९९६

ती. मामांस,
शलाकाचा शि. सा. न. वि. वि.

हे टपालाने पाठवते आहे, कारण लांब होईल.

आपलं पत्र मी आंब्याखाली बैठकीत इंग्रजीत सांगितलं आणि नाझोम्ब्यांनी त्यांच्या भाषेत. मी एक वाक्य सांगायचे आणि ते तीन. आपण कसे बोलत असाल, कसे उभे राहत असाल, हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही, तरी हात पाठीमागे बांधून ते बरोबर आपल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. मरतुकड्या कोंबडीला सगळे हसले. चप्पल काढण्याच्या वाक्याला म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. मी एकही शब्द गाळला नाही. विचारत नाही, अंदाज बांधते, हा भाग मला स्वतःला मोठ्याने सांगावा लागला. तो आपण मुद्दाम तसा लिहिलात का, हे विचारते आहे. विचारते आहे, याची नोंद घ्यावी.

गाऱ्हाण्यानंतर नातवंडं डोकी एकत्र करून कुजबुजू लागली. मला वाटलं, बिघडलं. मग नातवंडांतले सर्वांत वयस्क गृहस्थ उठले आणि म्हणाले, हा खरा न्खोस्वे. नुसता वाकून जाणारा असता तर आम्हाला शंका आली असती की तो आहे तरी का. मग त्यांनी पोटदुखीवाल्या दोघांना उभं केलं आणि आता पोट कसं आहे असं विचारलं. माझ्या चुकीबद्दल आपल्याला एक कोंबडी दंड झाला आणि त्या दोघांनाही मिळून एक. ती दुसरी आपल्याला देणं आहे. आपण जवळ नसल्याने दोन्ही कोंबड्या एकाच भांड्यात शिजल्या आणि आपला वाटा, आपल्या नावाने हात धुऊन, नाझोम्ब्यांनी खाल्ला. आपली कोंबडी त्यांनीच निवडली होती. बघून.

मी सळया पुन्हा ठोकल्या, या वेळी विचारून. कुठे चालेल, कुठे नाही, हे चिलाम्बेबाई पुढे चालत काठीने दाखवत होत्या आणि पोटदुखीवाले दोघे सळया वाहत होते. विजेला सर्वांत कमी अडवणारी जागा बाईंच्या स्वतःच्या मक्याच्या कणगीखाली निघाली. मी कणगीकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुझ्या मामाने लिहिलंय, हिला आपण होऊन सांगावं लागतं. तर सांगते, कणगी हलेल. सहा जणांनी ती उचलून नेली. यंत्र आलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी लागलं. चवीला जरा लोखंडी आहे, पण स्वच्छ आहे. तपासणीचा निकाल आला आहे. पहिली बादली बाईंनी ओतून टाकली, दुसरी त्या ओढ्यातल्या खड्ड्यावर नेऊन ओतली. कारण विचारलं तर म्हणाल्या, इतकी वर्षं त्याने पाजलं.

आपला फॅक्स त्यांनी ठेवून घेतला आहे. तो कागद उन्हाने काळा पडतो आणि अक्षरं विरतात, हे मी सांगितलं. त्यावर शाईचं पत्र टपालाने यावं असं त्यांनी बजावलं आहे. मूळ प्रत मामींनी फडताळात ठेवली असेल, डावीकडे किंवा उजवीकडे.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटलं, पण आता लिहिते. कोंबडी खाऊन झाल्यावर नातवंडांची थट्टा चालली होती. त्यांना ते माफ असतं, मयतातही ते थट्टा करतात. त्यांतला एक मला म्हणाला, इथे येणारी परकी माणसं मेली की आमची पंचाईत होते, कुणासाठी खणायचं तेच कळत नाही. तुझं आता ठरलं. तू कुणाची ते कळलं. तेव्हा वेळ आलीच तर तुझं आम्ही खणू, राईतच, कडेला का होईना. सगळे हसले. मीही हसले. गाडीत बसल्यावर नाझोम्बे म्हणाले, हे त्यांनी अजून मलाही म्हटलेलं नाही.

त्या शुक्रवारी परतताना चौकीवर ते नाकाबद्दल बोलले नाहीत. ह्या चिलाम्बेकडच्या, एवढंच म्हणाले.

जानेवारीत मला रजा आहे. मी राजापूरला येऊ का?

आपला लोभ मी तीन वर्षं अंदाजाने धरून चालले होते. अंदाज बरोबर होता, पण तो पडताळून पाहायला नको होता असं नाही.
आपली,
शलाका


राजापूर
५ नोव्हेंबर १९९६

चि. शलाकास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

शाईची प्रत सोबत आहे. फडताळात उजवीकडे होती. मी पाठवतो आहे म्हटल्यावर मामीने चिलाम्बेबाईंसाठी खणाचा तुकडा आत घातला आहे. त्यांच्यात चालतो का ते आधी विचार. आता तुला विचारता येतं.

तू विचारलं आहेस त्याचं उत्तर: हो, मुद्दाम तसं लिहिलं. समोर असतीस तर मला बोलता आलं नसतं.

नातवंडांचं वाचलं. मामीने पदर डोळ्यांना लावला आणि मग हे असलं कुणी पोरीला म्हणतं का म्हणून त्यांना लाखोली वाहिली. मला ते दोन दिवस कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं. एवढा मान आपल्या गावाने मला अजून दिलेला नाही. त्यांना माझा नमस्कार सांग आणि असं सांग: आभारी आहे, पण घाई नाही. अशा कामाला मामाची परवानगी लागते, आणि ती मी देणार नाही.

येऊ का, हे मात्र विचारायचं नव्हतं. तुला विचारायला शिकवणारे कुठे थांबायचं ते सांगायला विसरले.

गाडी कुठली ते कळव. मुंबईहून रात्रीची घेतलीस तर पहाटे पोचते, तेव्हा स्टँडवर चिटपाखरू नसतं. मामी म्हणते, घरीच थांबा, रिक्षा करून येईल. इतकी वर्षं त्या स्टँडवर मी इतरांच्या गाड्या फलाटाला घेतल्या. ही एक मी घेणार.

लोभ इथे शिल्लक आहे. येऊन घेऊन जावा.
तुझा मामा